भोपळ्याचं सूप, रिकामी संसद आणि पाच महिन्यांचं मंत्रिपद : डोमिनिक ड्युपुई यांचं प्रकरण

मार्च २०२४ उजाडला तेव्हा हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स सशस्त्र टोळ्यांच्या वेढ्यात होती. २ मार्चच्या रात्री टोळ्यांनी तुरुंगांवर हल्ले केले आणि दोन तुरुंगांमधून मिळून चार हजारांच्या आसपास कैदी बाहेर पडले. विमानतळ बंद झाला. पंतप्रधान एरियल आन्री हैतीत केनियाचं पोलिस दल आणण्याच्या करारासाठी केनियाला गेले होते. त्यांना मायदेशी उतरताच आलं नाही, ते प्वेर्तो रिकोत अडकून पडले. ११ मार्चला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये कॅरिबियन देशांची बैठक बसली, आन्री यांनी पद सोडायची तयारी दाखवली आणि देशाचा कारभार एका संक्रमणकालीन अध्यक्षीय परिषदेकडे द्यायचं ठरलं. सात सदस्यांना मताचा अधिकार, दोन निरीक्षक.

वेगवेगळ्या राजकीय गटांनी एकेक नाव द्यायचं होतं. माजी परराष्ट्रमंत्री क्लोद जोसेफ यांचा पक्ष ज्या आघाडीत होता, तिने दिलेलं नाव अनेकांना अनपेक्षित होतं : डोमिनिक ड्युपुई, युनेस्कोमधल्या हैतीच्या राजदूत. वय तिशीतलं. कुठल्या टोळीशी, कुठल्या साखर कारखानदार घराण्याशी किंवा जुन्या लष्करी वर्तुळाशी नाव जोडलेलं नाही. कामाची ओळख म्हणावी तर एकच, भोपळ्याच्या सुपाची.

काही दिवसांतच त्यांनी नाव मागे घेतलं. जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या, बाई म्हणून जे काही बोललं जातं ते सगळं बोललं जात होतं. अडीच महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, त्याच देशाच्या परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी शपथ घेतली आणि नोव्हेंबरात ते सरकारच गेलं. मंत्रिपदाचे एकूण पाच महिने.

हे प्रकरण मी निवडलं ते एका प्रश्नासाठी. राज्यसंस्था खाली कोसळत असताना त्या राज्याच्या वतीने जगाशी बोलणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं? ड्युपुई यांच्या वाट्याला या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आल्या. एकदा त्यांच्या हाती फक्त कागद होते आणि त्या जिंकल्या. दुसऱ्यांदा हाती मंत्रालय होतं, आणि पायाखाली आधार नव्हता.

आधी सूप

सूप जुमू. फ्रेंचमधल्या 'जिरोमों' या भोपळ्याच्या नावाचं क्रेयोल, म्हणजे हैतीच्या लोकभाषेतलं, रूप म्हणजे जुमू. आपल्याकडे घारगे करायला जो लाल भोपळा आणतो, त्याच्याच कुळातलं हे फळ. करायची रीत साधी पण वेळखाऊ. मांस लिंबाने चोळून, धुऊन, लसूण, पातीचा कांदा, पार्सली, थाईम यांच्या हिरव्या वाटणात रात्रभर मुरवत ठेवायचं. भोपळा उकडून घोटायचा, तोच रश्शाचा पाया. मग कोबी, गाजर, सलगम, बटाटा, शेवटी मॅकरोनी. आणि एक अख्खी झणझणीत मिरची वर तरंगत सोडायची, ती फुटू द्यायची नाही. स्वाद उतरला पाहिजे, पण मिरची फुटली तर सगळं पातेलं वाया. हैतीतल्या स्वयंपाकघरात १ जानेवारीच्या सकाळी पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बाईचं अर्धं लक्ष त्या मिरचीकडेच असतं.

तारीख १ जानेवारीच का, यात सगळी गोष्ट आहे. फ्रेंचांच्या सँ-दोमांग वसाहतीत हे सूप मालकांच्या टेबलावर जायचं. शिजवणारे गुलाम, खाणारे मालक. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह शहरात झां-झाक देसालीन यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केल्याचं जगातलं हे एकमेव उदाहरण. त्या दिवशी सगळ्यांनी हे सूप प्यावं असं देसालीन यांच्या पत्नी मारी-क्लेर यांनी ठरवलं, असं हैतीत सांगतात. तेव्हापासून नववर्षाच्या दिवशी घरोघरी ते शिजतं, शेजारी वाडगे पोचवले जातात, मायामीत आणि मॉन्ट्रिऑलमध्ये राहणारी हैतीयन कुटुंबंही ते चुकवत नाहीत.

या सुपाला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवण्याचा प्रस्ताव ड्युपुई यांनी पॅरिसमध्ये पुढे रेटला. बाहेरून हे काम समारंभी वाटतं, प्रत्यक्षात ते चिवट कागदी काम आहे. प्रस्ताव पाच निकषांवर तपासला जातो. ती प्रथा जिवंत आहे का, ती जपायची योजना काय, देशाच्या स्वतःच्या वारसा नोंदीत ती आहे का, हे सगळं दाखवावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक ती प्रथा पाळतात त्यांची स्वेच्छेची, लेखी संमती जोडावी लागते. शिवाय फोटो, चित्रफीत. साधारणपणे या रांगेत प्रस्तावाला दीड-दोन वर्षं लागतात.

आता २०२१ हे वर्ष हैतीसाठी काय होतं ते पाहा. ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या घरात घुसून हत्या झाली. १४ ऑगस्टला दक्षिण भागात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, २२०० हून अधिक माणसं गेली. देशाला डोकं नव्हतं आणि हातपायही ढिगाऱ्याखाली होते. अशा वर्षात हा प्रस्ताव अपवाद म्हणून रांगेबाहेर घेतला गेला आणि १६ डिसेंबर २०२१ ला मंजूर झाला. अमूर्त वारशाच्या यादीत हैतीचं हे पहिलंच नाव. त्याच बैठकीत, आदल्या दिवशी, कोलकात्याची दुर्गापूजा यादीत आली होती. आपल्या वर्तमानपत्रांत साहजिकच तिची बातमी मोठी होती.

उपाशी देशाला सुपाचं प्रमाणपत्र कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो उद्धट नव्हता. मला मात्र त्याचं उत्तर हैतीच्याच इतिहासात दिसतं. या देशाच्या परराष्ट्र व्यवहारातली सगळ्यात जुनी मागणी अन्नधान्याची किंवा शस्त्रांची नव्हती. ती होती, आम्ही आहोत हे मान्य करा. १८०४ ला स्वातंत्र्य मिळालं, पण शेजारच्या अमेरिकेने मान्यता द्यायला १८६२ उजाडलं. १८१५-१६ मध्ये हैतीने सिमोन बोलिव्हार यांना आसरा, माणसं आणि बंदुका दिल्या. १८२६ ला पनामात नव्या प्रजासत्ताकांची परिषद भरली तेव्हा हैतीला बोलावणं नव्हतं. फ्रान्सने १८२५ मध्ये मान्यता दिली ती किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून, १५ कोटी फ्रँकच्या बदल्यात. गुलामांनी आपल्या पूर्वीच्या मालकांना नुकसानभरपाई द्यायची! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेली कर्जं आणि त्यांचं व्याज २० व्या शतकाच्या मध्यापर्यंत, १९४७ पर्यंत, मागे लागलं होतं.

ज्या देशाला आपलं अस्तित्व विकत घ्यावं लागलं, त्या देशाची एक राजदूत पॅरिसमध्ये उभी राहून सांगते की हे सूप आमचं आहे, मालकांच्या टेबलावरून आम्ही ते घेतलं, आणि जगाने हे लिहून घ्यावं. हे राजकारणच आहे, आणि फार गंभीर राजकारण आहे. त्यासाठी बंदूक लागली नाही, संसद लागली नाही. लागली ती लोकांची संमती आणि एका माणसाची चिकाटी.

पुढचा प्रस्ताव कसावाच्या भाकरीचा होता. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून तो आपल्या एकादशीच्या खिचडीत येतो. हैतीत त्याची कासाव्ह करतात. कडू कंद सोलायचा, किसायचा, दाबून त्यातला विषारी रस काढून टाकायचा, कीस वाळवून चाळायचा आणि मोठ्या तव्यावर पातळ थापून भाजायचा. ही विद्या युरोपीय लोक येण्याआधीच्या ताइनो लोकांची. हा प्रस्ताव एकट्या हैतीचा नव्हता. क्युबा, होंडुरास, व्हेनेझुएला आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हेही सोबत होते. शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

नाव दिलं, नाव मागे घेतलं

किंग्स्टनच्या करारात परिषदेच्या सदस्यांसाठी अटी होत्या. गुन्हा दाखल असलेला नको, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध असलेला नको, परदेशी पोलिस दलाला मान्यता देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाला विरोध करणारा नको, आणि पुढची निवडणूक लढवणारा नको. या चाळणीतून गटांना माणसं शोधायची होती. ड्युपुई यांचं नाव त्या चाळणीत अगदी सहज बसत होतं.

तरी ते टिकलं नाही. आक्षेप दोन तऱ्हांचे होते आणि ते एकमेकांत मिसळले गेले, हे या टप्प्याचं दुर्दैव. एक आक्षेप राजकीय : ही बाई परदेशात राहते, संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात वावरते, हिला पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गल्ल्यांत काय चाललंय ते काय कळणार. यावर वाद घालता येतो, घालायलाही हवा. दुसरं जे आलं ते आक्षेप नव्हतेच. त्या धमक्या होत्या आणि शिव्या होत्या. माघार घेताना त्यांनी धमक्या आणि स्त्रीद्वेषी वागणूक ही कारणं उघडपणे सांगितली.

२५ एप्रिलला राष्ट्रीय राजवाड्यात परिषदेचा शपथविधी झाला. नऊ जणांत एकच स्त्री होती, रेजिन अब्राहाम, आणि त्यांना मताचा अधिकार नव्हता. हैतीच्या सुधारित राज्यघटनेत सार्वजनिक जीवनात किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असं स्पष्ट कलम आहे. मताच्या सात खुर्च्यांपैकी स्त्रियांच्या वाट्याला शून्य आल्या. त्या समारंभाचे फोटो मी बराच वेळ पाहत होतो. गडद कोट घातलेल्या पुरुषांची रांग, आणि ज्या देशाचा स्वातंत्र्यदिन एका बाईने ठरवलेल्या पदार्थाने साजरा होतो, त्या देशाचं भविष्य ठरवणाऱ्या टेबलाशी एकाही बाईचं मत नाही.

माघार चुकली का? प्रकरणाचा अभ्यास म्हणून हा पहिला फाटा. एक बाजू म्हणते, टिकून राहायला हवं होतं, पळ काढल्याने धमक्या देणाऱ्यांचं फावलं. मला हे पटत नाही. ज्या शहरात राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या शयनगृहात मारले गेले, तिथे धमकी ही पोकळ गोष्ट नसते. शिवाय परिषदेतली ती जागा एका आघाडीची होती, त्यांची स्वतःची नव्हे. ज्यांनी नाव दिलं त्यांच्याकडे संरक्षण द्यायची ताकद नव्हती. संरक्षण नसलेली जागा स्वीकारण्यात धाडस असेल, शहाणपण मला दिसत नाही.

(याच आठवड्यांत हैतीतल्या भारतीयांचाही प्रश्न होता. ते शंभराच्या आतच होते. भारताचा तिथे दूतावास नाही, काम सांतो दोमिंगोहून चालतं. २१ मार्चला १२ भारतीयांना हेलिकॉप्टरने डोमिनिकन प्रजासत्ताकात हलवलं गेलं. मोहिमेला नाव होतं 'इंद्रावती'. आपल्या सिरोंचाच्या बाजूला गोदावरीला मिळणारी नदी ती हीच.)

पाच महिने

मे महिन्याच्या अखेरीस परिषदेने गॅरी कोनील यांना पंतप्रधान नेमलं. पेशाने डॉक्टर, युनिसेफचे प्रादेशिक संचालक, आणि २०११-१२ मध्ये काही महिने याच पदावर राहून गेलेले. ११ जूनला मंत्रिमंडळ जाहीर झालं. परराष्ट्र खातं ड्युपुई यांच्याकडे आलं आणि त्याला जोडून परदेशस्थ हैतीयनांचं खातंही. ही जोडणी महत्त्वाची आहे. बाहेर राहणाऱ्या हैतीयनांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या भागाच्या आसपास जातो. तिथे परराष्ट्रमंत्री म्हणजे ज्या लोकांच्या कमाईवर देश जेवतो त्यांची वाली.

काम पहिल्या दिवसापासून अंगावर आलं. २५ जूनला केनियाच्या पोलिसांची पहिली तुकडी, सुमारे ४०० जणांची, पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरली. एकूण दल २५०० चं ठरलं होतं. बाकीची माणसं आणि पैसा मिळवण्यासाठी देशोदेशी दारं ठोठावत राहायचं होतं. सप्टेंबरात अमेरिकेतल्या अध्यक्षीय उमेदवारांच्या चर्चेत डोनाल्ड ट्रम्प यांनी ओहायोतल्या स्प्रिंगफिल्ड गावातले हैतीयन लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात असं म्हटलं. ते खोटं होतं, तिथल्या अधिकाऱ्यांनीही तसा पुरावा नसल्याचं सांगितलं. हैतीच्या परदेशस्थ नागरिकांच्या खात्याने जाहीर निषेध केला. पण निषेधाचं पत्रक काढण्यापलीकडे एखादं खातं काय करणार, जेव्हा त्याच महिन्यात देशातल्या विस्थापितांचा आकडा सात लाखांवर गेलेला असतो आणि ५४ लाख लोक, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, पुरेसं खायला नसलेल्या अवस्थेत असतो?

मग ऑक्टोबर आला. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

२ ऑक्टोबरला डोमिनिकन प्रजासत्ताकाने जाहीर केलं की कागदपत्रं नसलेल्या हैतीयनांना आठवड्याला १०,००० पर्यंत या वेगाने परत पाठवलं जाईल. दुसऱ्याच दिवशी हैतीतल्या पाँ-सोंदे गावात टोळीने हल्ला केला. सुरुवातीला ७० मृत्यू मोजले गेले, पुढे आकडा ११५ वर गेला. एकीकडे गावं जळताहेत, दुसरीकडे पिंजऱ्याच्या ट्रकमधून माणसं सीमेवर आणून सोडली जाताहेत. दोन्ही देश एकाच बेटावर आहेत, मधली सीमा साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तिच्यावर जुन्या जखमा आहेत. १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या आदेशाने हजारो हैतीयनांची सीमाभागात कत्तल झाली. २०१३ मध्ये डोमिनिकन घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने तिथेच जन्मलेल्या हैतीयन वंशाच्या असंख्य लोकांचं नागरिकत्व गेलं. २०२३ मध्ये सीमेवरच्या एका नदीचं पाणी कालव्याने वळवण्यावरून सीमा बंद झाली होती.

ड्युपुई यांनी अमेरिका खंडांतल्या देशांच्या संघटनेकडे (ओएएस) तातडीच्या बैठकीची मागणी केली आणि ८ ऑक्टोबरला ती बसली. हैतीच्या तिथल्या राजदूतांनी या मोहिमेला वंशशुद्धीचं धोरण म्हटलं. डोमिनिकन बाजूने उत्तर आलं की हा आमच्या सार्वभौमत्वाचा आणि स्थलांतर कायद्याचा प्रश्न आहे, आमच्या रुग्णालयांवर आणि शाळांवरचा ताण कोणी पाहत नाही. हा त्यांचा मुद्दाही निव्वळ बहाणा म्हणून उडवून लावता येत नाही. पण माणसांना ज्या रीतीने उचललं जात होतं, त्यात गरोदर बायका आणि लहान मुलंही होती, तिला सार्वभौमत्व हे उत्तर होऊ शकत नाही. त्या वर्षाअखेर एकूण हद्दपारांची संख्या २ लाख ७६ हजारांवर गेली.

बैठकीतून काय निघालं? हद्दपारी थांबली नाही. मग मागणी फुकट गेली का? इथे मला हैतीचा आणखी एक परराष्ट्रमंत्री आठवतो. १८९१ मध्ये अमेरिकेला मोल सँ-निकोला हे बंदर आरमारी तळासाठी हवं होतं. युद्धनौका पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात उभ्या होत्या. अमेरिकेचे हैतीतले प्रतिनिधी होते फ्रेडरिक डग्लस, जन्माने गुलाम असलेले. समोर परराष्ट्रमंत्री आँतेनोर फिरमँ, वय चाळिशीच्या आसपास. फिरमँ यांनी वाटाघाटीला आलेल्या अॅडमिरलचे अधिकारपत्र अपुरं असल्याचं दाखवून वेळ काढला, आणि शेवटी नकार दिला : राज्यघटना परवानगी देत नाही, आणि तोफांच्या सावलीत दिलेला होकार हा होकार नसतो. बंदर वाचलं. आरमार नसलेल्या देशाने कागदावर आरमार अडवलं.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की फिरमँ यांच्या मागे राज्यघटना होती, सरकार होतं. ड्युपुई यांच्या मागे राज्यघटनेचं फक्त पुस्तक होतं.

सही कोणाची?

हैतीत २०१६ नंतर निवडणूक झालेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या १० सिनेटरांची मुदत संपली. तेव्हापासून देशात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस पदावर उरला नाही. संसद नाही म्हणजे मंत्र्याला प्रश्न विचारणारं कोणी नाही हे तर झालंच, पण मंत्र्याला पाठिंबा देणारंही कोणी नाही. पंतप्रधान परिषदेच्या सहीने, मंत्री पंतप्रधान आणि परिषद यांच्या मर्जीने. दोन सह्यांवर सगळं तरलेलं.

त्या दोन सह्या ऑक्टोबरात भांडायला लागल्या. ७ तारखेला परिषदेचं आलटून-पालटून येणारं अध्यक्षपद लेस्ली व्होल्तेर यांच्याकडे आलं. परिषदेला मंत्रिमंडळातली काही खाती बदलून हवी होती, कोनील यांचा नकार होता. त्यात आणखी एक गाठ होती. परिषदेच्या तीन सदस्यांवर सरकारी बँकेच्या अध्यक्षाकडून १० कोटी गुर्द (हैतीचं चलन) लाच मागितल्याचा ठपका भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने ठेवला होता. तिघांनी आरोप नाकारले आणि पद सोडलं नाही. परिषदेची नैतिक ताकद खचलेली आणि कायदेशीर ताकद मात्र शाबूत, असा तो विचित्र काळ होता.

१० नोव्हेंबरला परिषदेने, आठ सदस्यांच्या सह्यांनी, कोनील यांना काढल्याचा आदेश काढला. कोनील यांनी लेखी उत्तर दिलं : घटनेप्रमाणे पंतप्रधानाला काढायचा अधिकार फक्त संसदेचा. मुद्दा कायद्याला धरून होता. पण ज्या संसदेचा अधिकार ते सांगत होते, ती संसदच नव्हती. ११ तारखेला अलिक्स दिदिये फिस-एमे यांनी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरणाऱ्या एका अमेरिकी प्रवासी विमानावर गोळ्या झाडल्या गेल्या, विमानतळ पुन्हा बंद पडला. नव्या मंत्रिमंडळात परराष्ट्र खात्यावर दुसरा माणूस आला.

त्या दोन दिवसांचा विचार केला की मला सतत एक गोष्ट खुपते. ड्युपुई यांच्या कामाबद्दल कुठे मतदान झालं नाही, कुठल्या सभागृहात चर्चा झाली नाही, दोष दाखवला गेला नाही की कौतुक झालं नाही. सरकार गेलं आणि त्याबरोबर त्या गेल्या. डोमिनिकन प्रश्नावर त्यांनी उभं केलेलं प्रकरण पुढे कोणी कसं चालवायचं, याची सूत्रं हातात देण्याचीही रीत नव्हती. लोकशाहीत मंत्र्याचा पराभव हाही एक हिशेब असतो. इथे हिशेबच झाला नाही.

मोजायचं कशाने

या कारकिर्दीचं मूल्यमापन करताना दोन सोप्या चुका होतात. एक म्हणजे, सुपाची राजदूत मंत्रालयात कमी पडली असं म्हणणं. पाच महिन्यांत, राजधानीचा बहुतांश भाग टोळ्यांच्या ताब्यात असताना आणि दोन सत्ताकेंद्रं एकमेकांचे पाय ओढत असताना, कोणीही यशाची यादी दाखवू शकलं नसतं. दुसरी चूक उलटी आहे, त्यांना हुतात्मा करून टाकण्याची. त्या एका गटाच्या नावाने राजकारणात आल्या, त्या गटाची स्वतःची गणितं होती. बाहेरच्या देशांना चालणारं सरकार हवं म्हणून कोनील यांच्यासारखी संयुक्त राष्ट्रांच्या परिघातली माणसं पुढे आली, आणि त्याच कारणाने घरच्या लोकांना ती परकी वाटली. ही तक्रार ड्युपुई यांनाही लागू होते आणि तिचं उत्तर त्यांना पाच महिन्यांत देता आलं नाही. ते निवडणुकीतच मिळतं. किंग्स्टनच्या अटीने परिषदेच्या सदस्यांना पुढची निवडणूकच नाकारली होती, आणि मंत्र्यांसाठी निवडणूक हा विषयच कुठे दिसत नव्हता.

माझं मत विचाराल तर त्यांची सगळ्यात भक्कम राजकीय कृती २०२१ ची आहे, आणि मंत्रिपद त्यापुढचं पाऊल असलं तरी वरचं पाऊल नाही. सुपाच्या प्रस्तावाला आधार होता तो हजारो स्वयंपाकघरांचा. तो आधार परिषदेच्या आठ सह्यांनी निघून जात नाही. मंत्रिपदाला आधार फक्त त्या सह्यांचा होता. राज्यशास्त्राच्या वर्गात 'वैधता' हा शब्द आपण फार सैल वापरतो. इथे तिचे दोन प्रकार शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात, एकाच माणसाच्या हातात.

अभ्यासणाऱ्याने पुढे विचार करावा असा एक धागा कासाव्हचा आहे. कोनील सरकार पडल्यावर महिनाही उलटला नव्हता. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पाराग्वेतल्या असुन्सिओनमध्ये युनेस्कोची समिती बसली आणि कसावाच्या भाकरीला यादीत जागा मिळाली. प्रस्तावावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक यांची नावं एकत्र होती. त्या आठवड्यातही सीमेवर ट्रक येत होते. ऑक्टोबरात एकमेकांवर आरोप करणारे दोन देश डिसेंबरात म्हणत होते की ही भाकरी आमची दोघांची, आमच्या आधीच्या लोकांनी दिलेली. याने एकही हद्दपारी थांबली नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दोन्ही बाजूंचे अधिकारी एका कागदावर एकत्र बसू शकतात, हे त्या वर्षात फक्त तिथेच दिसलं, आणि म्हणून मी ते नोंदवतो.

डिसेंबर २०२५ मध्ये हीच समिती दिल्लीत, लाल किल्ल्यात भरली. दीपावली यादीत आली, आपल्याकडे फटाके वाजले. त्याच बैठकीत हैतीचं कोंपा संगीतही यादीत गेलं. १९५५ मध्ये नेमूर झां-बातिस्त यांनी रूढ केलेला हा नाचाचा ठेका. सूप, भाकरी आणि आता गाणं. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळावर तेव्हाही अमेरिकेची प्रवासी विमानं उतरत नव्हती, संसदेची दारं बंदच होती, आणि १ जानेवारीला तीन आठवडे उरले होते.